तिसऱ्या मजल्या, ऐकतोस ना

लुव्हेनियाबाईंनी आपल्या मुलीला ओळखले ते शब्दांवरून नव्हे, श्वासावरून.

जूनमधला शनिवार होता. कोबी आणि लिंबांची पिशवी हातात घेऊन त्या वेबस्टर अॅव्हेन्यूच्या सिग्नलपाशी उभ्या होत्या. एक काळी मोटार काचा उतरवून शेजारी येऊन थांबली. तिच्या मागच्या आसनावर माणसे कधी बसतच नसावीत. तिथे नुसते स्पीकर कोंबलेले होते. ढोलाचा ठोका डांबरावरून चालत येऊन थेट बरगडीवर बसत होता. अशा गाड्यांकडे पाहायचे नाही, असा लुव्हेनियाबाईंचा नेम होता आणि तो त्यांनी त्याही दिवशी पाळला. मान सरळ, हॅट सरळ, नजर समोरच्या दिव्यावर. तेवढ्यात दोन ठोक्यांच्या फटीत कुणीतरी श्वास घेतला.

घाईने आत ओढलेला श्वास, आणि त्याच्या शेपटाला एक बारीक शीळ. कुलपाच्या भोकातून वारा शिरावा तशी. मग मुलीचा आवाज आला, हसरा आणि आगाऊ: "तिसऱ्या मजल्या, ऐकतोस ना?" पुन्हा ठोका. पुन्हा तोच श्वास, तीच शीळ, तोच प्रश्न. पुन्हा आणि पुन्हा. दिवा हिरवा झाला आणि गाडी तो श्वास घेऊन निघून गेली.

दमेकरी मुलाच्या आईचा कान वेगळाच होतो. घरातले सगळे आवाज बाजूला सारून तो एकाच आवाजावर पहारा देतो. ती शीळ लुव्हेनियाबाईंनी सतरा वर्षे भिंतीपलीकडून ऐकली होती; ती वाढली की त्या उठत, पाणी उकळत, पाठीवर हात फिरवीत बसत. त्या कानाची चूक होणे शक्य नव्हते. फक्त ऑलिव्हेट जाऊन आता सोळा वर्षे होत आली होती.

त्या घरी आल्या, लिंबे टोपलीत ठेवली आणि दुपारभर खुर्चीत बसून राहिल्या.

लुव्हेनिया प्रायलो म्हणजे त्या इमारतीचा कणा, असे लोक म्हणत. त्यांच्यामागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. भाडेकरूंच्या समितीच्या त्या बावीस वर्षे अध्यक्ष होत्या. हिवाळ्यात बॉयलर बंद पडला की घरमालकाचा माणूस आधी देवाचे नाव घेई आणि मग त्यांच्या दाराची घंटा वाजवी. चर्चमध्ये पहिल्या रांगेत पांढऱ्या पोशाखात बसणाऱ्या मातांमध्ये त्यांचे आसन पहिले. तिथे पाद्रीसुद्धा त्यांना 'मदर प्रायलो' म्हणे. विम्याच्या पैशासाठी लावलेल्या आगींत आजूबाजूच्या इमारती एकामागून एक जळत होत्या त्या वर्षांत त्यांनी आपली इमारत जळू दिली नव्हती. जिन्यात कुणी सिगारेट ओढलेली त्यांना तिसऱ्या मजल्यावर कळे.

आणि त्यांनीच इमारतीच्या अंगणातून ते ठेक्यावर कवन बोलायचे संगीत हाकलले होते. ही गोष्ट त्या स्वतः सांगत. अठ्ठ्याहत्तरचा जुलै. पोरांनी अंगणात टेबल मांडले, टेबलावर दोन तबकड्या फिरवायला ठेवल्या, भिंतीएवढे स्पीकर रचले, आणि वीज? वीज इमारतीच्या तळघरातून चोरून घेतली, कपडे धुण्याच्या यंत्रामागच्या भोकातून केशरी वायर बाहेर काढून. दुपारपासून खिडक्यांची तावदाने थरथरत होती. दोन वेळा वरून ओरडून सांगून झाले. तिसऱ्या वेळी लुव्हेनियाबाईंनी खिडकी लावली, किल्ल्यांचा जुडगा उचलला, मागच्या जिन्याने तळघरात उतरल्या आणि दोन्ही हातांनी ती वायर उपटून काढली. "मारलेल्या सापासारखी हातात लोंबत होती," असे त्या सांगत, आणि चर्चमधल्या बाया "आमेन!" म्हणत.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, ऑलिव्हेटचा दमा उसळला तो पुन्हा बसला नाही. इस्पितळात पोचेपर्यंत सगळे संपले होते. पुढच्या रविवारी लुव्हेनियाबाई चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, की त्या अंगणातल्या धुळीने, धुराने आणि कोलाहलाने माझी मुलगी नेली. पोर तिथे चोरून जात असे, हे त्यांना मागाहून कळले होते. गाणे-बजावणे बंद करा म्हणणाऱ्या अर्जावर लोकांनी सह्या केल्या. दोन उन्हाळे त्या अंगणात कर्णा लागला नाही.

संगीत मात्र तिथून उठले ते जगभर जाऊन बसले. आता त्याच चर्चमधली पोरे प्रार्थनेला त्या गाणाऱ्यांसारखी ढगळ विजार घालून येत. पाद्रीचा नातू ईस्टरचे कवनसुद्धा त्याच ठेक्यात म्हणे आणि लोक टाळ्या वाजवीत. बँका त्या ठेक्यावर जाहिराती करीत. ज्या पोरांना इमारतीने पोलिसांच्या हवाली करायचे ठरवले होते, त्यांची चित्रे आता पोलिसांची मुले भिंतीवर लावीत. लुव्हेनियाबाईंनी या सगळ्याकडे सिग्नलवरच्या गाड्यांसारखेच पाहिले. म्हणजे पाहिले नाही.

पण न पाहणे हातात असते. ऐकू न येणे हातात नसते.

त्या उन्हाळ्यात ऑलिव्हेट त्यांना सगळीकडे भेटू लागली. न्हाव्याच्या दुकानातून, बर्फाचा गोळा विकणाऱ्याच्या ढकलगाडीवरून, बसच्या चालकाच्या खिशातल्या रेडिओतून. रस्त्याच्या एका टोकाकडून गाडी येई. आधी ठोका, मग शीळ, मग प्रश्न. आणि गाडी वळेपर्यंत ती पोर एकाच श्वासावर अडकून पडलेली असे. लुव्हेनियाबाई रस्त्यातच थांबत. नकळत त्यांचाही श्वास थांबे. सतरा वर्षांची सवय होती ती. पोरीचा पुढचा श्वास येईपर्यंत आपला सोडायचा नाही.

हळूहळू त्यांना आवाजाचे भय उरले नाही. भय उरले ते त्याच्यापुढच्या शांततेचे. कारण प्रश्न विचारला, म्हणजे विचारणाऱ्याला पुढे काही म्हणायचे असते. 'ऐकतोस ना' म्हणणारा माणूस तिथे थांबत नाही. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा एकच बिऱ्हाड अंगणाच्या बाजूला होते. पोर कुणाशी बोलत होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती काय सांगणार होती? गाणे तिथेच कापलेले होते. रोज दहा वेळा मुलगी हाक मारी, आणि रोज दहा वेळा कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवी.

एका संध्याकाळी त्या अंगणात उतरल्या, तेव्हा मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. दोन दोऱ्या उलटसुलट फिरत होत्या, मधली मुलगी पाय न अडकवता नाचत होती आणि सगळ्या मिळून तालावर म्हणत होत्या: "तिसऱ्या मजल्या, ऐकतोस ना? तिसऱ्या मजल्या, ऐकतोस ना?"

लुव्हेनियाबाईंनी काठी आपटली. दोऱ्या थांबल्या.

"हे कुठं शिकलात?"

"रेडिओवर लागतं, मॅम."

"पुढे काय आहे त्याच्या?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. "पुढे? पुढे परत तेच."

"प्रश्न विचारला की पुढे काहीतरी असतंच."

दोरी धरलेली थोराड मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस लुव्हेनिया, गाणं आहे ते. गृहपाठ नाही."

बाकीच्या खुदखुदल्या. एरवी त्या पोरीच्या आजीला तासाभरात निरोप गेला असता. त्या दिवशी लुव्हेनियाबाई नुसत्या वळल्या आणि तळमजल्यावरच्या पर्नेला गॅड्सडेनच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पर्नेला आणि त्या एकाच गावच्या, दक्षिण कॅरोलिनातल्या. एकाच वर्षी उत्तरेला आल्या, एकाच इमारतीत राहिल्या आणि चाळीस वर्षे एकमेकींशी भांडत आल्या. त्यामुळे दोघींचाही जीव टिकला होता. पर्नेला खिडकीत बसून परातीत वाटाणे सोलत होती.

"पर्नेला, तुझ्या लेकाचं, मार्सेलसचं गाणं रेडिओवर लागतं म्हणून वसंतापासून मिरवतेयस. कोणतं गाणं ते?"

पर्नेलाचे हात थांबले. "तुला कधीपासून गाण्यांची गोडी लागली?"

"विचारलं तेवढं सांग."

"का, मी कोर्टात उभी आहे?"

"गुन्हा केला असशील तर उभीच आहेस."

पर्नेलाने एक शेंग उचलली, पुन्हा खाली ठेवली. "रविवारी येतोय तो जेवायला. त्यालाच विचार. पण आधी जेवू दे त्याला, लुव्हेनिया. उपाशी माणसाला फासावर चढवत नाहीत."

रविवारी प्रार्थना आटोपून लुव्हेनियाबाई तशाच, पांढऱ्या पोशाखात, पांढऱ्या हातमोज्यांनिशी पर्नेलाच्या घरात शिरल्या. टेबलावर चवळी-भात, तळलेली कोंबडी आणि रताळ्याचे सारण भरून भाजलेला गोड 'पाय' मांडला होता. मार्सेलस पस्तिशीचा, अंगाने भरलेला, दाढीत दोन पांढरे केस आलेला. त्यांना पाहताच तो उभा राहिला. याच पोराकडून त्यांनी रविवारच्या शाळेत स्तोत्रे पाठ करून घेतली होती.

"मिस लुव्हेनिया."

"घरात टोपी?"

त्याने टोपी काढली.

"ते माझ्या मुलीचं आहे," त्या म्हणाल्या.

"काय, मॅम?"

"खोटं बोलताना तुझा डावा कान लाल होतो. पाच वर्षांचा असल्यापासून. तो श्वास ऑलीचा आहे."

मार्सेलस खाली बसला. बराच वेळ त्याने काट्याने भातात रेघा ओढल्या. "हो," तो म्हणाला. "पण आमच्या धंद्यात जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून नवं करतात, आणि कुठून काय घेतलं ते सांगत नाहीत, मिस लुव्हेनिया. तेव्हाही नव्हतो सांगत. दुसऱ्या टोळीच्या पोरांनी तबकडी ओळखू नये म्हणून वरची नावं पाण्यात भिजवून खरवडून टाकायचो. ह्याच न्हाणीघरात. मार खाल्लाय त्यापायी."

"न्हाणीघर तुंबवलंस म्हणून मार खाल्लास," पर्नेला स्वयंपाकघरातून म्हणाली. "नावं खरवड नाहीतर गावं खरवड, मला काय त्याचं!"

"मला तू विचारायला हवं होतंस," लुव्हेनियाबाई म्हणाल्या.

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग." त्याने डोळे वर केले नाहीत. "तिच्यासारखी दुसरी नव्हती अंगणात. आम्ही सगळे लिहून, घोकून यायचो. ती उभी राहायची आणि जे समोर दिसेल त्याचं कवन करायची. सोळा वर्षं ती माझ्या खोक्यात पडून होती. म्हटलं, लोकांनी एकदा तरी ऐकावं."

"आणि श्वास कशाला ठेवलास? तो कापून टाकता म्हणे तुम्ही लोक."

"कापून पाहिला. कापला की ती ती राहत नव्हती."

लुव्हेनियाबाईंना त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही, याचे त्यांना नवल वाटले. त्यांनी एकेक बोट सोडवीत हातमोजे काढले. "पुढचं ऐकव."

"पुढे काही नाही."

"ते मी ठरवीन."

त्याने आईकडे पाहिले. पर्नेला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती; चाळीस वर्षांत प्रथमच तिच्या तोंडात टोमणा नव्हता. "नको, लुव्हेनिया," ती हळूच म्हणाली. "राहू दे. गेलेलं उकरून काय मिळणार?"

"का नको?"

पर्नेला पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागली. मायलेकरांना काहीतरी ठाऊक होते, आणि ते दोघांनी मिळून सोळा वर्षे आपल्यापासून दडवले होते, हे लुव्हेनियाबाईंना त्या क्षणी कळले. मागे फिरणे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. "मार्सेलस," त्या म्हणाल्या, "ऊठ."

मागच्या खोलीत त्याची खोकी छतापर्यंत रचलेली होती. एका खोक्यातून त्याने कॅसेट काढली. वर नाव नाही, गाव नाही. त्याने ती यंत्रात घातली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. लुव्हेनियाबाई पलंगाच्या कडेवर ताठ बसल्या. पर्नेला दारातच राहिली.

आधी खरखर. मग अंगण. सोळा वर्षांपूर्वीचे ऊन जणू खोलीत उतरले: पोरांचा गलका, कुठेतरी भुंकणारे कुत्रे, खाली ढोल. एकोणीस वर्षांचा मार्सेलस हजेरी घेत होता; जमलेल्यांची नावे ठेक्यात पुकारायची आणि ज्याने त्याने "इथंच!" म्हणून ओरडायचे, असा त्यांचा रिवाज होता. "चौथ्या मजल्यावरचा डॉनेल?" "इथंच!" डॉनेलला जाऊन नऊ वर्षे झाली होती. "जुळे लेमार आणि लॅरी?" "इथंच, इथंच!" त्यातला एक तुरुंगात होता, एक मातीत. "मोठी वँडा?" "इथंच!" पर्नेलाने दाराची चौकट धरली, वँडा तिची भाची. नावामागून नाव येत होते आणि मेलेली पोरे छातीठोक सांगत होती, आम्ही इथंच आहोत.

मग ऑलिव्हेट.

तिने पर्नेलाच्या तळणाच्या वासावर कवन केले, बॉयलरवाल्याच्या टकलावर केले, आठवडाभर न धुतलेल्या जिन्यावर केले. पोरे हसून लोळत होती. लुव्हेनियाबाई ऐकत होत्या. आपली मुलगी विनोदी होती, हे त्यांना आज कळत होते. घरात ती पुस्तकात डोके घालून बसे. तिला कधी कुणाला हसवताना त्यांनी पाहिले नव्हते. की हसवायला घरात जागाच ठेवली नव्हती?

मग तो श्वास आला, ती शीळ आली. "तिसऱ्या मजल्या, ऐकतोस ना?"

"ऐकतोय!" सगळे अंगण तिसऱ्या मजल्याच्या वतीने गरजले. ढोलाचे ठोके पडले. ऑलिव्हेटने पुन्हा श्वास घेतला, पहिल्यापेक्षा खोल, लांब काही सांगायचे असले म्हणजे घेतात तसा. लुव्हेनियाबाई पलंगाच्या कडेवरून पुढे झुकल्या.

आणि गाणे बुडाले. फिरत्या तबकडीचा आवाज जड होत होत खोल गेला, विहिरीत पडल्यासारखा, आणि थांबला. टेप चालूच राहिली, कारण टेप भरणारे यंत्र बॅटरीवर होते.

गलका. शिट्ट्या. "वायर काढली रे कुणीतरी!" "कुणीतरी काय? वर बघ, खिडकी बंद झालीय! तिसरा मजला खाली गेला!" हशा. मग अगदी जवळ, यंत्राशेजारी, ध्वनिक्षेपकावाचून, ऑलिव्हेटचा साधा आवाज आला. घरात बोले तसा.

"म्हणजे ऐकलं तिनं."

"जाऊ दे ना, ऑली," तरुण मार्सेलस म्हणाला.

"नाही, ठीक आहे. मी विचारलं, तिनं उत्तर दिलं."

खट्ट. पुढे कोरी टेप सळसळत राहिली.

लुव्हेनियाबाईंना तळघर आठवले: ओल्या कपड्यांचा वास, धुण्याच्या यंत्राची घरघर, जाड भिंती. तिथे वरचे काहीही ऐकू येत नसे. त्यांनी दोन्ही हातांनी वायर धरली होती, पाय रोवले होते, आणि त्याच घटकेला वर उन्हात त्यांची पोर श्वास भरून घेत होती.

"मी तळघरात होते," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे," पर्नेला म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे."

"तसं नव्हे. मी खिडकीत नव्हते. मी ऐकलंच नाही. ती तिथं होती हेच मला ठाऊक नव्हतं. ती वाचनालयात आहे असं समजत होते मी."

पर्नेला जवळ येऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी मऊपणे म्हणाली, "आम्ही कधी तुला काही बोललो का? इतक्या वर्षांत एक शब्द?"

तो मऊपणा थपडेसारखा लागला. तेव्हा लुव्हेनियाबाईंना उमगले, की चर्चमधल्या प्रत्येक 'आमेन'मागे काय होते. त्या वायरची गोष्ट सांगत, आणि इमारतीतली माणसे ती ऐकत, माना डोलवीत, आणि मनात म्हणत, हिने पोरीची हाक ऐकली आणि जाऊन वायर उपटली. आता ते विसरण्यासाठी हिला ही गोष्ट सांगावी लागते. सोळा वर्षे त्या माणसांनी लुव्हेनियाबाईंना क्षमा केली होती. एकदाही न विचारता.

"पर्नेला, माझ्याकडे बघ. मी खोटं बोलतेय?"

पर्नेलाने पाहिले. पण ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आयुष्यभर ज्यांचा शब्द हाच पुरावा मानला गेला, त्या बाईंपाशी आज शब्दाखेरीज काही नव्हते, आणि तो पुरत नव्हता.

मार्सेलसने यंत्राकडे पाहिले. मग तो भिंतीपासून हलला, टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. श्वास, प्रश्न, "ऐकतोय!", ठोके, श्वास, अंधार. त्याचे बोट मांडीवर ठेका मोजत होते. पुन्हा मागे नेली. पुन्हा मोजले.

"काय चालवलंयस?" पर्नेला खेकसली. "बंद कर ते."

"सहा सेकंद," तो म्हणाला.

"काय सहा सेकंद?"

"प्रश्नापासून वीज जाईपर्यंत. सहासुद्धा पुरते नाहीत." तो आईकडे वळला. "मम्मा, इथून, मधल्या तुकड्यातून गाणं बनवलंय मी. चार महिने हेच मोजत बसलो होतो, केसाच्या अंतरापर्यंत. एक ठोका इकडे झाला की सगळं फसतं. मिस लुव्हेनिया, तेव्हा तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरून तळघरात जायला किती वेळ लागायचा?"

"मागच्या जिन्यानं? चार मिनिटं. कुलूप काढायचं एक वेगळं."

"मग तुम्ही निघालात तेव्हा तिनं तो प्रश्न विचारलाच नव्हता. माझी हजेरीच चालली होती अजून." तो मटकन खोक्यावर बसला. "इतक्या वेळा मोजलं मी. सेकंद सेकंद ठाऊक होता मला. आणि एकदाही डोक्यात आलं नाही. मी नुसता ठेका मोजत होतो."

मोठ्ठा माणूस तो, तळहातांत तोंड घालून रडू लागला. पर्नेलाच्या ओठांतून "अरे देवा, अरे देवा" एवढेच निघत होते. मग तिने लुव्हेनियाबाईंचे दोन्ही हात धरून आपल्या छातीशी घेतले. "मी तुला काय समजत होते गं! तुझ्या घरी जेवत होते आणि मनात काय बाळगत होते! उद्याच सांगते सगळ्यांना. एकेका दारावर जाऊन सांगते. तू ऐकलं नव्हतंस. तू ऐकलंच नव्हतंस, लुव्हेनिया!"

"पुढे काय म्हणणार होती ती?" लुव्हेनियाबाईंनी मार्सेलसला विचारले.

त्याने मान हलवली. "ती लिहायची नाही कधी. तिथल्या तिथं सुचायचं तिला. मी नंतर विचारलं होतं. म्हणाली, आता काय उपयोग त्याचा?" त्याने डोळे पुसले. "तुम्ही म्हणाल तर गाणं मागे घेतो. होईल तेवढं."

"रस्त्यारस्त्यात गेलंय ते. कुणाकुणाच्या गाड्या थांबवशील?"

"मग चला, जेवू या," पर्नेला नाक ओढत म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आता हसू फुटत होते. मोठे ओझे उतरवून ठेवलेल्या बाईचे हसू. "निवलं सगळं. मार्सेलस, तो रताळ्याचा पाय गरम कर. आणि तुझ्या मिस लुव्हेनियाला मांडीचा तुकडा वाढ, फार झालं तिचं ते पंख चघळणं."

त्या मायलेकांपुरते सगळे मिटले होते. लुव्हेनियाबाई टेबलाशी येऊन बसल्या. समोर ताट आले. त्यांनी काटा उचलला, आणि तेव्हा त्यांना एक संध्याकाळ आठवली. ती त्या कधी विसरल्याही नव्हत्या. फक्त तिच्याकडे त्यांनी आजवर चुकीच्या बाजूने पाहिले होते.

वायर उपटल्याला तीन दिवस झाले होते. त्या भांडी घासत होत्या आणि ऑलिव्हेट शेजारी उभी राहून ताटल्या पुसत होती. ताटलीकडेच पाहत तिने विचारले होते, "मम्मा, तू ते मुद्दाम केलंस?"

अंगणातल्या वांड पोरांची वकिली करायला ही आपली मुलगी पुढे आली, असे तेव्हा समजून लुव्हेनियाबाईंना संताप आला होता. त्यांनी मागे वळूनही पाहिले नव्हते. "मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या होत्या. "आणि उद्या पुन्हा करीन."

ऑलिव्हेटने ती ताटली पुसून कपाटात ठेवली. मग दुसरी. मग सगळ्या. कपाटाचे दार तिने आवाज न करता लावले.

त्यानंतरच्या आठवड्यांत ती एकदाही उलटून बोलली नाही. सांगितलेले काम सांगितल्या वेळी केले, रविवारी न कुरकुरता शेजारी येऊन बसली, शाळेतून थेट घरी आली. लुव्हेनियाबाईंनी तेव्हा चर्चमध्ये पर्नेलाला अभिमानाने सांगितलेही होते, की पोर अखेर ताळ्यावर आली.